अर्ध्यावर राहिलेल्या कार्ट : भांडी बाजारातील एका ऑनलाइन दुकानाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, 4 ऑगस्ट 2025

नाशिकच्या भांडी बाजारातील तांब्या-पितळेच्या एका जुन्या दुकानाच्या संकेतस्थळाचे काम आजपासून माझ्याकडे आले. दुकानाच्या मालकांना सारा बाजार काका म्हणतो, म्हणून मीही काकाच म्हणते. त्यांनी काम एका वाक्यात सांगितले : लोक भांडी निवडतात, कार्टमध्ये टाकतात आणि पैसे न भरताच निघून जातात, हे का होते ते शोधायचे आणि धनत्रयोदशीच्या आत त्यावर उपाय करायचा. या वर्षी धनत्रयोदशी 18 ऑक्टोबरला आहे आणि वर्षातली भांड्यांची सर्वांत मोठी खरेदी त्याच सुमारास होते, त्यामुळे हाताशी साधारण अडीच महिने आहेत.

सुरुवातीला ‘सोडून दिलेली कार्ट’ म्हणजे नेमके काय, हे ठरवणे भाग होते. जगभरच्या ऑनलाइन दुकानांच्या अभ्यासांची सरासरी काढणाऱ्या डेन्मार्कमधील बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या मते दर 10 पैकी सुमारे 7 कार्ट खरेदीविना राहतात, त्यामुळे आपल्याकडेही बऱ्याच राहत असतील तर त्यात आश्चर्य नाही. शिवाय घागर किंवा घंगाळ ही काही साबणाच्या वडीसारखी तत्काळ घ्यायची वस्तू नव्हे. ग्राहक ती कार्टमध्ये ठेवतो, घरच्यांना दाखवतो, दोन दिवसांनी पुन्हा पाहतो, आणि तीच व्यक्ती मोबाइलवर एकदा व संगणकावर एकदा आली तर आपल्या नोंदीत दोन कार्ट होतात. म्हणून निव्वळ कार्टची संख्या हा आपला मापदंड ठेवायचा नाही, असे मी काकांना सांगितले. ज्याने ‘चेकआउट’ हे पैसे भरण्याकडे नेणारे बटण दाबले त्याने घ्यायचे मनाशी ठरवले होते. त्यानंतर जो परत फिरला आणि सात दिवसांत आला नाही, तोच आपल्या अभ्यासाचा विषय राहील.

गुरुवार, 7 ऑगस्ट

गेल्या पंधरवड्यातील 96 कार्ट एकेक करून हाताने तपासल्या. इतक्या थोड्या नोंदींसाठी मोठे विश्लेषणाचे साधन लावण्यापेक्षा वही आणि पेन बरे, कारण प्रत्येक ओळीमागचा माणूस डोळ्यांसमोर राहतो. 96 पैकी 38 जणांनी चेकआउट दाबले होते आणि 11 जणांनी पैसे भरले होते. उरलेल्या 27 पैकी 16 जण डिलिव्हरी चार्ज दिसणाऱ्या पानावरून परत फिरले, 6 जण लॉगिन आणि पत्त्याच्या अर्जापाशी थांबले आणि 5 जण पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन बाहेर पडले.

दोन वेगवेगळी पाने बनवून अर्ध्या लोकांना एक आणि अर्ध्यांना दुसरे दाखवण्याची पद्धत मोठ्या दुकानांत चालते. आपल्याकडे ती वापरायची नाही, असे मी ठरवले. पंधरा दिवसांत 38 माणसे येत असतील तर दोन पानांच्या निकालातला फरक बहुधा योगायोगाचाच असेल आणि आपण त्यालाच शोध समजून बसू. त्यापेक्षा माणसांना विचारावे.

मंगळवार, 12 ऑगस्ट

दुकानाचा फोन आणि पॅकिंग वहिनी पाहतात. परत फिरलेल्यांपैकी ज्यांनी पूर्वी दुकानातून काही घेतले आहे आणि जे वहिनींना आवाजाने ओळखतात, अशांनाच फोन करायचे ठरले. ज्याने केवळ अर्ध्या अर्जात क्रमांक लिहिला आणि पुढे गेला नाही, त्याला अनोळखी दुकानाचा फोन जाणे मला योग्य वाटत नाही. नऊ जणांशी बोलणे झाले. वहिनींनी विकण्याचा एकही शब्द काढला नाही. “काही अडचण आली का, एवढेच विचारायला फोन केला,” असे म्हणून त्या ऐकत राहिल्या.

साताऱ्याच्या एका बाई म्हणाल्या, “अहो, घागर पावणेतीन हजारांची दिसली म्हणून निवडली. शेवटी पाहते तर कुरिअरचे सहाशे चाळीस. तेवढ्यात इथे बाजारात एक तांब्या आला असता.” पुण्याच्या एका गृहस्थांची तक्रार वेगळी होती : “कळशीचे वजन कुठेच लिहिलेले नाही. तांबे वजनावर घेतात, फोटोवर नाही.” हे दुसरे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे. दुकानात आलेले गिऱ्हाईक भांडे उचलून पाहते, बोटाने वाजवून पाहते, पत्र्याची जाडी काठापाशी अंगठ्याने चाचपते आणि काका तराजूवर ठेवून वजन सांगतात. आपल्या पानावर मात्र ‘सुंदर पारंपरिक कळशी’ एवढेच लिहिलेले होते.

नऊही संभाषणे पुन्हा ऐकल्यासारखी वाचली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. यांतला एकही माणूस लहर म्हणून गेलेला नाही. प्रत्येकाच्या मनात एक साधा प्रश्न होता, त्याचे उत्तर त्याला पहिल्या पानावर मिळायला हवे होते, आणि ते मिळाले नाही किंवा शेवटच्या पानावर नको त्या रूपात मिळाले. यापुढचे सगळे काम याच दिशेने करायचे.

शनिवार, 16 ऑगस्ट

आज दिवसभर दुकानाच्या माडीवर होते. गोदावरीला पूर आला की भांडी बाजारात पाणी शिरते, म्हणून पावसाळ्यात खोकी आणि पॅकिंगचे सामान माडीवर नेलेले असते. साताऱ्याच्या बाईंनी निवडलेली तीच घागर काढून घेतली आणि 640 रुपये आले कुठून, ते मोजायला बसलो.

घागरीचे वजन 2 किलो 300 ग्रॅम भरले. खोक्यासह ते तीन किलोंच्या आतच होते. परंतु कुरिअरवाले हलक्या आणि मोठ्या वस्तूचे भाडे प्रत्यक्ष वजनावर लावत नाहीत; खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला 5,000 ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर तोच वजन म्हणून धरतात. आमचे खोके 34 गुणिले 34 गुणिले 36 चे होते. गुणाकार 41,616 आला, भागाकार 8.32, आणि पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत नेल्यावर साडेआठ किलो. म्हणजे ग्राहक सव्वादोन किलोच्या घागरीसाठी साडेआठ किलोंचे भाडे देत होता, आणि त्यातला मोठा भाग घागरीच्या पोटातल्या हवेचा होता.

घागर रुंदीला 26 सेंटिमीटर आहे. चारही बाजूंना चार-चार सेंटिमीटर जागा वहिनी सोडतात, कारण पूर्वी एकदा तीन घागरींना वाटेत पोचे आले होते आणि त्या तिन्ही परत घ्याव्या लागल्या होत्या. त्यांची भीती खरी आहे. म्हणून आम्ही सैल कागदाच्या बोळ्यांऐवजी पुठ्ठ्याच्या जाळीचे दोन पट घागरीभोवती घट्ट गुंडाळले, गळ्याला वेगळी कड लावली, 30 गुणिले 30 गुणिले 33 च्या खोक्यात ती बसवली आणि ते खोके कमरेच्या उंचीवरून फरशीवर तीन वेळा टाकले : एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. उघडून पाहिले तर गळ्याला काही झाले नव्हते आणि हातोडीने ठोकून केलेल्या मठारकामावर ओरखडाही नव्हता. नव्या खोक्याचा हिशेब 29,700 भागिले 5,000, म्हणजे 5.94, म्हणजे सहा किलो. त्याच दराने भाडे 640 वरून साधारण 450 वर आले.

दुसरी गोष्ट वहिनींनीच सुचवली आणि मला ती या सबंध कामातली सर्वांत मोलाची वाटते. घागरीचे पोट रिकामेच जाते, मग त्यात पेले, पळी-पंचपात्र, निरांजन असे काही का जाऊ नये? खोके तेवढेच राहते, आकारमानाचे वजन तेवढेच राहते आणि प्रत्यक्ष वजन सहा किलोंच्या आत असेपर्यंत भाडे एका पैशानेही वाढत नाही. आपले संकेतस्थळ मात्र प्रत्येक वस्तूचे भाडे वेगळे काढून त्यांची बेरीज करत होते. घागर आणि दोन पेले घेणाऱ्याला तीन खोक्यांचे भाडे दिसत होते, आणि वहिनी ते सारे एकाच खोक्यात पाठवत होत्या. ग्राहकाकडून जास्त पैसे घेतले गेले, ही चूक आहे आणि ती कोणी जाणूनबुजून केलेली नसली तरी सुधारायला हवी. काकांनी ज्या ग्राहकांकडून असे भाडे घेतले गेले होते त्यांची यादी मागितली आणि फरक परत करायला सांगितले.

शुक्रवार, 22 ऑगस्ट

चार दिवस भाड्याचा हिशेब नव्याने लिहिण्यात गेले. आता प्रत्येक भांड्याची बाहेरची मापे, आतली मोकळी जागा आणि वजन नोंदवले आहे आणि कार्टमधील सगळ्या वस्तू मिळून कोणते खोके लागेल ते आधी ठरते. पोकळ भांडे कार्टमध्ये असेल तर ‘याच खोक्यात, याच भाड्यात आणखी इतके सामान बसेल’ अशी ओळ दिसते.

भाडे किमतीतच मिळवून ‘डिलिव्हरी मोफत’ असे लिहावे का, यावर काकांशी बराच वेळ चर्चा झाली. मी त्या बाजूने होते, कारण एकच आकडा समजायला सोपा असतो. काका म्हणाले, “तसे केले तर पंचवटीतून चालत येणाऱ्या माणसाने नागपूरचे भाडे भरायचे. आणि दुकानात एक भाव, नेटवर दुसरा, हे मला पटत नाही.” त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले. भाडे वेगळेच राहील, मात्र ते शेवटच्या पानावर न दिसता वस्तूच्या पानावरच किमतीखाली दिसेल. ग्राहकाने सहा आकडी पिनकोड एकदा टाकला की भाडे, एकूण रक्कम आणि वस्तू पोहोचण्याची तारीख तेथेच दिसते व पुढच्या सर्व पानांवर तीच राहते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीचे 13 प्रकार दिले आहेत. सुरुवातीला पूर्ण किंमत न सांगता ती टप्प्याटप्प्याने उघड करणे हा त्यांतलाच एक. आपला हेतू तसा नव्हता, पण साताऱ्याच्या बाईंच्या अनुभवात आणि त्या व्याख्येत फारसे अंतर नव्हते, हे मान्य केलेले बरे.

मंगळवार, 26 ऑगस्ट

उद्या गणेश चतुर्थी. ताम्हण, समई आणि निरांजनांची मागणी गेल्या आठवड्यापर्यंत होती. ‘गणपतीच्या आधी मिळेल का?’ हा प्रश्न फोनवर पुष्कळ वेळा आला. पानावरची तारीख चार दिवसांपूर्वीच सुरू झाल्यामुळे या वेळी तिचा उपयोग थोडाच झाला. ‘5 ते 7 कामाचे दिवस’ या शब्दांतून ग्राहकाला स्वतःच मोजणी करावी लागते आणि सुट्ट्या कोणत्या धरायच्या ते त्याला कळत नाही, म्हणून ते शब्द सगळीकडून काढून तेथे वार आणि तारीख घातली.

सोमवार, 1 सप्टेंबर

लॉगिन आणि पत्त्याच्या पानावर परत फिरलेल्या सहा जणांकडे आज वळले. खाते उघडल्याशिवाय खरेदी करता येत नव्हती. ती अट काढली. मोबाइल क्रमांक आणि पत्ता पुरेसा आहे, खाते ज्याला हवे त्याने ऑर्डरनंतर उघडावे.

पत्त्याचा अर्ज स्वतः भरून पाहिला, तेव्हा मात्र मन खट्टू झाले. नावाच्या रकान्यात मी माझे नाव मराठीत लिहिले आणि लाल अक्षरांत सूचना आली की फक्त अक्षरे टाका. मराठीत लिहिलेली अक्षरे संगणकाच्या लेखी अक्षरेच नव्हती! रकान्याची तपासणी केवळ रोमन वर्णमालेपुरती लिहिलेली होती. ती बदलून ‘कोणत्याही लिपीतील अक्षर’ अशी केली, तरीही ‘आशा’ हे नाव चालेना. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, अ, क, श ही अक्षरे म्हणून गणली जातात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांचा वर्ग वेगळा आहे. ती अक्षराला जोडून येणारी चिन्हे मानली जातात. तपासणीत दोन्ही वर्ग घेतल्याशिवाय मराठी नाव पुढे जाणारच नव्हते. शेवटी नावाची तपासणी जवळजवळ काढूनच टाकली. रकाना रिकामा नसावा, एवढीच अट ठेवली, कारण माणसाचे नाव बरोबर आहे की नाही हे ठरवणे दुकानाचे काम नाही.

भांडी बाजारातील दुकानात नाशिकच्या माणसाला स्वतःचे नाव मराठीत लिहिता येऊ नये आणि त्यामुळे त्याने खरेदी सोडून जावे, याचे मला फार वाईट वाटले. सहापैकी किती जण याच कारणाने गेले ते आता कळणार नाही. नाकारलेली नावे कोठेच साठवलेली नव्हती.

मोबाइल क्रमांकाच्या आधी शून्य किंवा 91 घातले तर क्रमांक चुकीचा ठरत होता, तेही सुधारले. ‘पत्त्याची दुसरी ओळ’ या रकान्याच्या जागी ‘जवळची खूण’ असे लिहिले, कारण आपल्याकडे पत्ता ‘मारुती मंदिरामागे, पिठाच्या गिरणीसमोर’ असाच सांगतात आणि कुरिअरच्या मुलालाही तोच उपयोगी पडतो.

गुरुवार, 4 सप्टेंबर

काल जीएसटी परिषदेच्या 56 व्या बैठकीत भांड्यांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला आणि तो 22 सप्टेंबरपासून लागू होणार आहे. आज सकाळपासूनच चेकआउटपर्यंत येऊन थांबणाऱ्यांची संख्या वाढली. अठरा दिवसांनी भाव उतरणार हे ठाऊक असलेला माणूस आज पैसे भरणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. त्यातच सोमवारी, 8 तारखेला, पितृपंधरवडा सुरू होतो. सर्वपित्री अमावास्या 21 ला आहे. पितृपंधरवड्यात नवे भांडे घरात आणायचे नाही, असे मानणारी घरे आपल्या ग्राहकांत पुष्कळ आहेत.

तेव्हा या महिन्यातले आकडे ऑगस्टशी ताडून पाहायचे नाहीत, असे वहीत लिहून ठेवले. ते पडले तर आपल्या बदलांचा दोष नाही आणि 22 नंतर उसळले तर आपल्या बदलांचे श्रेय नाही.

भाव उतरणार असल्याचे आपण स्वतःहून सांगायचे की गप्प राहायचे, असे मी काकांना विचारले. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “सांगायचे. उद्या त्याला कळले की आम्हाला माहीत होते आणि आम्ही बोललो नाही, तर तो पुन्हा येणार नाही.” म्हणून प्रत्येक पानावर एक ओळ घातली : ‘22 सप्टेंबरपासून कर कमी होत आहे. घाई नसेल तर वस्तू कार्टमध्ये ठेवा, त्या दिवशी नवा भाव आपोआप दिसेल.’

मंगळवार, 16 सप्टेंबर

खरेदी मंद असताना पेमेंटचे पान उघडून तपासायला सवड मिळाली. ऑगस्टमधील पाच जणांपैकी दोघांच्या बाबतीत असे आढळले की त्यांच्या खात्यातून पैसे गेले होते आणि आपल्या पानावर ‘पेमेंट अयशस्वी’ असे दिसले होते. त्यांनी खरेदी सोडली नव्हती. आपणच त्यांना सोडून दिले होते.

हे कसे घडते ते एका जुन्या, कमी मेमरीच्या मोबाइलवर सहा वेळा करून पाहिले. ग्राहक यूपीआय निवडतो, त्याचे ॲप उघडते, तो पिन टाकतो, बँकेतून पैसे जातात आणि तो परत ब्राउझरकडे येतो. मधल्या वेळात मोबाइलने जागा करण्यासाठी ब्राउझरमधले आपले पान बंद केलेले असते. ते नव्याने उघडते आणि त्याला मागचे काहीच आठवत नसते. आपली व्यवस्था केवळ ग्राहकाच्या पानाने परत येऊन ‘झाले’ म्हणण्यावर अवलंबून होती. पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे पैसे बँकेमार्फत दुकानापर्यंत पोहोचवणारी सेवा, मात्र त्याच वेळी थेट आपल्या सर्व्हरलाही निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप जुन्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर जात होता आणि तेथे ऐकणारे कोणी नव्हते.

सुधारणा अशी केली की पैसे भरण्यास पाठवण्याआधीच ऑर्डर ‘पैशांच्या प्रतीक्षेत’ म्हणून नोंदवली जाते, गेटवेचा निरोप आला की ती पक्की होते, आणि निरोप न आल्यास सर्व्हर स्वतःहून विचारणा करतो. ग्राहक परत आला की त्याला ‘अयशस्वी’ असे न सांगता ‘बँकेकडून खात्री करून घेत आहोत, पुन्हा पैसे भरू नका’ असे सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण दुकानापर्यंत खात्री पोहोचली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. ही माहिती मदतीच्या पानावर साध्या शब्दांत घातली. त्या दोघांना वहिनींनी फोन केला. दोघांचेही पैसे परत मिळालेले होते. एकाने त्याच फोनवर पुन्हा ऑर्डर दिली, दुसऱ्याने नको म्हटले.

सोमवार, 22 सप्टेंबर

घटस्थापना, आणि नव्या कराचा पहिला दिवस. पहाटे सर्व किमती बदलल्या. करासह 2,240 रुपयांना असलेल्या वस्तूची मूळ किंमत 2,000 होती, ती आता 2,100 ला मिळते. जुन्या कार्ट उघडून पाहिल्या तर त्यांत जुनाच भाव दिसत होता, कारण वस्तू कार्टमध्ये टाकल्या क्षणीची किंमत तेथे नक्कल होऊन बसलेली होती. आपण 4 तारखेला आपोआप नवा भाव दिसेल असे लिहून दिले होते आणि मी ते तपासले नव्हते. सकाळी सात ते नऊ या वेळेत ते दुरुस्त केले. आता कार्ट प्रत्येक वेळी चालू किंमत वाचते आणि फरक पडला असेल तर जुना व नवा भाव दोन्ही दाखवते, मग भाव उतरलेला असो वा चढलेला.

दुपारपर्यंत थांबलेल्या कार्टपैकी बऱ्याच पूर्ण झाल्या. तांब्याचे कलश सर्वांत आधी गेले.

शुक्रवार, 3 ऑक्टोबर

आठवण करून देणाऱ्या संदेशांचा प्रश्न दसऱ्यापर्यंत मुद्दाम लांबवला होता. बहुतेक ठिकाणी याच उपायापासून सुरुवात होते : तासाभराने एक, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी सवलतीसह एक. मला हा क्रम उलटा वाटतो. ज्या अडचणीमुळे माणूस गेला ती तशीच ठेवून त्याला परत बोलावले तर तो पुन्हा त्याच पानावरून परत जाईल. आणि तिसऱ्या दिवशी सवलत मिळते हे एकदा कळले की चांगले गिऱ्हाईकही कार्ट तीन दिवस तशीच ठेवायला शिकेल.

ठरले ते असे : अर्जात ‘आठवण करून दिलेली चालेल’ या चौकटीत ज्याने स्वतः खूण केली असेल त्यालाच संदेश जाईल, चौकट आधीपासून भरलेली नसेल, आणि संदेश एकच जाईल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) 2018 च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मजकूर आधी नोंदवावा लागतो, तेही केले. ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘त्वरा करा’ असले काही लिहायचे नाही. खोटी घाई दाखवणे वर सांगितलेल्या 13 प्रकारांत येतेच, आणि तसे नसते तरी ते काकांच्या दुकानाला शोभले नसते. मजकूर वहिनींनी लिहिला : ‘नमस्कार. आपण पाहिलेली तांब्याची कळशी 1 किलो 450 ग्रॅम वजनाची आहे. आपल्या पत्त्यावर मंगळवारपर्यंत पोहोचेल, भाड्यासह एकूण 2,015 रुपये. काही विचारायचे असल्यास दुकानात फोन करावा.’ यात एकही शब्द विकण्याचा नाही आणि विकण्यासाठी लागणारे सर्व काही आहे.

गुरुवार, 9 ऑक्टोबर

उरलेल्या गोष्टी उरकल्या. चेकआउटवरील कूपनचा रिकामा रकाना काढला. तो दिसला की ग्राहक कूपन शोधायला बाहेर जातो आणि आपण कोणतेही कूपन दिलेलेच नाही. कॅश ऑन डिलिव्हरी 2,000 रुपयांपर्यंत तशीच ठेवली, त्यावरील ऑर्डरसाठी भाड्याइतकी रक्कम आधी घ्यायची, कारण न घेतलेली घागर परत येते तेव्हा दोन्ही वेळचे भाडे दुकानावर पडते.

फोनवर वारंवार येणारे दोन प्रश्न वस्तूच्या पानावर नव्हते. पहिला कल्हईचा. पितळेच्या पातेल्यात आंबट पदार्थ कल्हईशिवाय शिजवू नये हे जुन्या पिढीला ठाऊक असते, पण भांडे कल्हई केलेले येते की नाही हे पानावर लिहिलेले नव्हते. दुसरा मोडीचा : जुनी भांडी मोडीत देऊन नवे घेता येईल का? फोटोवरून मोड ठरवता येत नाही, धातू आणि वजन पाहावेच लागते, म्हणून ‘मोड फक्त दुकानात घेतली जाते’ असे स्पष्ट लिहिले. त्यासोबत नाशिककरांसाठी ‘दुकानातून घेऊन जाईन’ हा पर्यायही सुरू केला.

शनिवार, 18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दुकानात सकाळपासून पाऊल ठेवायला जागा नाही. मीही पिशव्या भरून द्यायला गेले होते. दुपारी साधारण साठीच्या एक बाई गर्दीतून पुढे आल्या, मोबाइल काकांच्या समोर धरला आणि म्हणाल्या, “हे एवढे सगळे द्या. आणि ही मोड.” पडद्यावर आपल्या संकेतस्थळावरची कार्ट होती : एक कळशी, दोन तांबे, एक पळी-पंचपात्र. पिशवीत तळ गेलेला जुना हंडा होता. काकांनी हंडा तराजूवर टाकला, कळशी दुसऱ्या तराजूवर ठेवली, पडद्यावरचे वजन आणि काट्यावरचे वजन दोन्ही बाईंना दाखवले आणि फरकाचे पैसे सांगितले. बाईंनी घासाघीस केली नाही.

त्यांची कार्ट आपल्या नोंदीत आज ‘सोडून दिलेली’ म्हणून पडली असती. मी ती तेथेच खरेदी झालेली म्हणून नोंदवली.

मंगळवार, 28 ऑक्टोबर

6 ते 17 ऑक्टोबर या काळातील चेकआउट पुन्हा हाताने तपासले. 71 जणांनी चेकआउट दाबले, 49 जणांनी पैसे भरले. राहिलेल्या 22 पैकी 8 जण भाड्याशी, 3 जण अर्जाशी आणि 2 जण पेमेंटशी थांबले. उरलेले 9 जण पोहोचण्याची तारीख पाहून परत गेले, कारण त्यांच्या गावी वस्तू धनत्रयोदशीनंतर पोहोचणार होती आणि पानावर तसे लिहिलेले होते. सणाच्या खरेदीचा काळ आणि उतरलेला कर यांमुळे ऑगस्टशी तुलना सरळ होत नाही. 11 वरून 49 हा आकडा मी कोणाला यश म्हणून सांगणार नाही. थांबण्याची जागा मात्र बदलली आहे, आणि ती आपल्या कामामुळे बदलली असे म्हणायला आधार आहे. त्या नऊ जणांना तारीख न सांगता पैसे भरू दिले असते तर आकडा आणखी चांगला दिसला असता. काकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पुढच्या वर्षी गणपतीपासूनच धनत्रयोदशीच्या शेवटच्या तारखा गावांप्रमाणे लावायला सांगितले.

पुढची कामे अशी : दुकानातील पावतीवर मोबाइल क्रमांक घेऊन तो ग्राहकाच्या संमतीने कार्टशी जोडणे, प्रत्येक वस्तूच्या पानावर काठाजवळचा फोटो, ज्यात पत्र्याची जाडी दिसेल, आणि पाणी तापवायचा बंब. बंबाचे खोके कोणत्याही हिशेबाने 20 किलोंच्या खाली येत नाही, म्हणून तूर्त त्याच्या पानावरून कार्टचे बटण काढून तेथे दुकानाचा फोन क्रमांक ठेवला आहे.